चुकारे आणि ड्यू डेट

अड्याळात पैसा येतो तो धानाच्या मागोमाग. पवनी तालुक्यातलं हे गाव. रोवणीला खिसा रिकामा होतो. कापणी-चुरणी झाली, आधारभूत केंद्रावर धान मोजून दिलं, की चुकाऱ्यांची, म्हणजे विकलेल्या धानाच्या पैशांची, वाट पाहणं सुरू होतं. चुकारे लांबले तर कृषी केंद्रवाला थांबतो. पीककर्जही थांबतं, धानासारख्या कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकल्यावरच बँक ते बुडीत खात्याकडे ढकलते. क्रेडिट कार्ड मात्र दिवस मोजतं.

इथल्याच एका घरातला मुलगा पुण्याकडे कंपनीत होता तेव्हा त्याला कार्ड मिळालं. काम सुटलं, तो गावी परतला, आणि आधारवरच्या पत्त्यावर पाकिटं यायला लागली. त्यातली बरीच फोडलेलीच नव्हती. त्याच्या घरी बसून आम्ही ती तारखेप्रमाणे लावत होतो, तेव्हा आईने विचारलं, "पोलीस येतीन का जी?" आणि लगेच, "वावर तं नाही ना जाणार?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिला आधी दिली. नुसतं कार्डाचं बिल थकणं हा गुन्हा नाही, ते दिवाणी देणं आहे. चेक दिला आणि तो परत गेला, किंवा खात्यातून ठरलेली वळती शिल्लक नसल्याने फसली, तर मात्र फौजदारी खटला होऊ शकतो. म्हणून भीतीपोटी कोणाला कोरा चेक लिहून द्यायचा नाही. वावर वडिलांनी स्वतः विकत घेतलेलं, कार्डाला त्यांची हमी नाही, त्यामुळे ते सुरक्षित. वडिलोपार्जित असतं तर मुलाच्या हिश्श्याचा प्रश्न निघाला असता. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाण्याचं धान आणि तो राहतो ते घर पैशाच्या हुकूमनाम्यात जप्त होत नाही. हे ऐकून ती माउली पहिल्यांदा नीट टेकून बसली.

खरं नुकसान दुसरीकडे होत होतं, आणि ते त्या न फोडलेल्या पाकिटांत छापलेलं होतं. थकबाकी ४० हजार धरा. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज १,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२, वर उशिराचा दंड. तेवढ्याच पीककर्जाला सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज २,८०० होतं, म्हणजे कार्डाच्या दोन महिन्यांइतकं. आणि मुदतीत फेडलं तर महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंत तेही माफ होतं. "मी मिनिमम भरत होतो ना," मुलगा म्हणाला. भरत होता, पण त्यातला मोठा भाग व्याजातच जिरत होता. या व्याजाला कमाल मर्यादा नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी ती रद्द केली. मला हा निकाल गरिबाला जड जाणारा वाटतो.

ड्यू डेटनंतर तीन दिवस उलटले की थकबाकीची नोंद होऊ शकते. नव्वद दिवसांत किमान रक्कमही पूर्ण भरली नाही, तर खातं अनुत्पादित. मग वसुलीचे फोन. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या आदेशाप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना धमकावायचं नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. इथे फोन शेजाऱ्यालाही गेला होता. अशा फोनची तारीख-वेळ वहीत लिहून आधी बँकेकडे तक्रार द्यावी. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीला १४४४८ हा नंबर आहे.

चळतीत सर्वांत वर लोकअदालतीची नोटीस होती. तिचीच घरात धास्ती, आणि खरं तर तीच कामाची. दावा दाखल होण्याआधीच्या या बैठकीत पॅनेलपुढे बँकेचा माणूस आणि कर्जदार समोरासमोर बसतात. संमतीशिवाय काही ठरत नाही. बँक बरेचदा व्याज-दंड सोडायला तयार होते. पण तडजोडीवर सही झाली की ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी, अपील नाही. म्हणून जेवढं चुकाऱ्यांतून खरंच निघेल तेवढंच कबूल करायचं, आणि हप्त्यांच्या तारखा चुकारे हाती येण्याच्या बेताने मागायच्या.

"मंग धानाचं कर्ज?" वडील एवढा वेळ गप्प होते. पीककर्जाला सिबिल स्कोरची सक्ती करू नका, असं मुख्यमंत्री फडणवीसांनी मे २०२५ मध्ये बँकांना बजावलं होतं. शिवाय कार्ड मुलाचं, पीककर्ज वडिलांचं; एकाच्या थकबाकीने दुसऱ्याचा स्कोर पडत नाही. ट्रॅक्टर मुलाच्या नावाने घ्यायचा होता, तो बेत मात्र अडला. कमी रकमेत मिटवलेल्या खात्यावर 'सेटल्ड' असा शेरा राहतो आणि पुढचा बँकवाला तो वाचतो. पूर्ण भरणं झेपत असेल तर 'क्लोज्ड' करून घेणं केव्हाही बरं. या घराला ते झेपणारं नव्हतं.

निघण्याआधी मुलाने बँकेला अर्ज लिहिला: काम सुटल्याची तारीख, जमेल तो हप्ता, वसुलीचे फोन थांबवण्याची विनंती. दोन प्रती केल्या. एकीवर पोच आणि शिक्का घ्यायचा, पैसे भरून झाले की नो ड्यूज सर्टिफिकेट मागायचं, आणि महिनाभराने सिबिलचा वर्षातून एकदा फुकट मिळणारा अहवाल काढून नोंद बदलली का ते पाहायचं, एवढं त्याने त्याच पाकिटाच्या पाठीवर उतरवून घेतलं.