चोवीसातले सात: वारसाचा वाटा कसा ठरतो

आज आपण महालात बसलो आहोत. वारसाचा प्रश्न या वस्तीला नवा नाही. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी भोसले मुलाविना गेले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. आता राज्यं नाहीत, पण घरं आहेत, दुकानं आहेत, आणि माणूस गेल्यावर तेराव्याच्या आधीच सुरू होणारी कुजबुज आहे: कोणाला किती?

हे समजायला आपण सांगलीचा एक खटला घेऊ. खंडाप्पा मगदूम १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. मालमत्ता एकत्र कुटुंबाची. हिराबाईंनी दावा लावला: आमचा वाटा चोवीसातले सात. खालच्या कोर्टाने दिला चोवीसातला एक. म्हणजे मागितलं त्याचा सातवा भाग!

आता हिशेब बघा. १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा सांगतो, की मृत्यूच्या अगदी आधी वाटणी झाली असं धरायचं. बाप आणि मुलगे वाटणी करतात तेव्हा आईलाही मुलाइतकाच वाटा मिळतो. म्हणजे खंडाप्पा, हिराबाई आणि दोन मुलगे, प्रत्येकी पाव. मग खंडाप्पांचा पाव सहा वारसांत वाटायचा, प्रत्येकी १/२४. खालच्या कोर्टाने हिराबाईंना एवढंच दिलं, स्वतःचा पाव धरलाच नाही. उच्च न्यायालयाने तो धरला, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं: ६/२४ अधिक १/२४, म्हणजे ७/२४. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं. वाटणी झाली असं एकदा धरलं, की तिचे सगळे परिणाम धरायचे. अर्ध्यावर थांबायचं नाही.

पण मुलींचं काय झालं? मुलग्यांना सात-सात, मुलींना एक-एक. ते बदलायला वेळ लागला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना जन्माने हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरात विवाहित-अविवाहित हा भेद गेला. आणि २०२०च्या विनीता शर्मा निकालाने सांगितलं, की त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही.

तेच कुटुंब आजच्या नियमाने मांडू. आई, बाप, पाच मुलं: सात वाटे. बापाचा १/७ सहा जणांत, प्रत्येकी १/४२. बेरीज करा, प्रत्येकाला बरोबर १/६. म्हणजे चोवीसातले चार. मुलगी एकावरून चारावर आली. आई मात्र सातावरून चारावर उतरली. ही बाजू फारशी कोणी सांगत नाही.

आता काही गैरसमज. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलीचा वाटा १९५६ पासूनच मुलाइतका आहे. मृत्युपत्र असेल तर गणित बदलतं, पण वडील स्वतःच्या वाट्यापुरतंच लिहू शकतात. "तोंडी वाटणी कधीच झाली" एवढं म्हणून बहिणीचा हक्क सहसा जात नाही. सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत वाटणी किंवा विक्री आता उकरता येत नाही. राहत्या घराची वाटणी मुलींना मागता येत नव्हती, ते कलमही २००५ साली गेलं.

आणि आखीव पत्रिकेवर नाव एकट्या भावाचं आहे म्हणून घर एकट्याचं होत नाही. ती नोंद मालकी देत नाही.

उलट हक्कसोडपत्रावर सही करून ते नोंदवलं, की हक्क खरोखर सुटतो. "भाऊबीज तुटेल" म्हणून बहीण सही करते. "मुलंच बघतील" म्हणून आई करते. प्रेमाने सोडायचं असेल तर जरूर सोडावं, तो तिचा अधिकार आहे. आमचं म्हणणं इतकंच, की आपण चोवीसातले किती सोडतोय हे सहीच्या आधी तिला माहीत असावं.