तिसऱ्या फेरीतली लाथ

नाशिक जिल्ह्याला दमाचे वावडे कधीच नव्हते. हरसूलच्या डोंगरांतल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक घेऊन आली आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये रौप्य. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा क्रमांक मिळवला. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली. मग नाशिक शहरात संध्याकाळी शाळांच्या पटांगणांवर तायक्वांदो, कराटे आणि किकबॉक्सिंगचा सराव करणाऱ्या मुलांचा दम दुसऱ्या फेरीतच का सुटतो? माझ्या मते लाथ आणि दम या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या शिकवतो, म्हणून.

आपल्या तालमीत लाथ नव्हती. कुस्तीला तिची गरजच नाही. लाथेचे शास्त्र आपल्याकडे कोरिया, जपान आणि थायलंडहून आले. पण त्या शास्त्राला जे शरीर लागते, ते घडवायची विद्या इथे जुनीच आहे. मल्लखांबाची कल्पना बाळंभटदादा देवधरांना वणीच्या सप्तशृंगगडावर सुचली, असे परंपरा सांगते. नाशिक जिल्ह्याकडून खेळणाऱ्या हर्षवर्धन सदगीरने जानेवारी २०२० मध्ये ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा उचलली. जोर, बैठका, सपाट्यांनी कंबर आणि मांड्या जशा तयार होतात, तशा नुसत्या हवेत लाथा झाडून होत नाहीत. तरीही किती क्लासमध्ये बैठकांना मान आहे?

आता प्रत्यक्ष लाथेकडे येऊ. उजव्या पायाची राउंडहाउस किक पाहताना सगळ्यांची नजर उजव्या पायावर असते. ती डाव्या पायावर हवी. डावा पाय चवड्यावर फिरतो, टाच प्रतिस्पर्ध्याकडे वळते, तेव्हाच कंबर मोकळी होते. उजवा गुडघा आधी वर येतो, मग कंबर वळते, मांडीचा वेग कमी होतो आणि नेमक्या त्या क्षणी नडगी सुटते. आसुडाच्या टोकाला वेग येतो तो असाच. उभा पाय फिरलाच नाही, तर सगळा पीळ त्याच्या गुडघ्यावर येतो. म्हणून गुडघा दुखतो अशी तक्रार घेऊन आलेल्या मुलाचा आधी तळपाय बघावा. तायक्वांदोत बहुधा पायाच्या वरच्या भागाने मारतात आणि पाय झटकन परत येतो. मुए थाईत नडगीने मारतात आणि कंबर लक्ष्यापलीकडे जाऊ देतात. ताकदीचे गणित निराळे, पण उभ्या पायाचा नियम दोन्हीकडे तोच.

दम संपला की ही साखळी नेमकी कुठे तुटते, ते शिकवणाऱ्याला ठाऊक असावे. आधी हात खाली येतात. मग गुडघा वर न घेताच पाय जमिनीवरून सरळ भिरकावला जातो. शेवटी मारलेला पाय परत यायला उशीर होतो, आणि समोरचा त्याचीच वाट पाहत असतो. पॅरिस ऑलिंपिकच्या तायक्वांदो नियमांत धडावरच्या ठोशाला १ गुण, साध्या लाथेला २ आणि डोक्यावरच्या लाथेला ३ गुण होते. गिरकी घेऊन मारलेल्या लाथेला त्याहून जास्त. थकलेला पाय डोक्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणजे सर्वांत मौल्यवान गुण आधी हातचे जातात. दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. शिवाय आता दोन फेऱ्या जिंकणारा विजयी ठरतो, त्यामुळे १-१ अशा बरोबरीनंतरची तिसरी फेरी सगळा निकाल लावते.

लढत इतकी झटपट, मग लांब धावायचे कशाला, असे अनेक प्रशिक्षक विचारतात. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१२ मध्ये लुटुपुटूच्या तायक्वांदो लढतींत ऊर्जा कुठून येते ते मोजले. सुमारे ६६ टक्के ऑक्सिजनवर चालणाऱ्या मार्गाने, ३० टक्के स्नायूंत साठलेल्या फॉस्फेटमधून, आणि लॅक्टिक मार्गाने अवघी ४ टक्के. लाथ सुटते ती फॉस्फेटवर, पण दोन लाथांमधल्या वेळात तो साठा भरून काढतो ऑक्सिजन. म्हणून आठवड्यातून दोनदा, बोलता येईल इतक्या वेगाने तीस-चाळीस मिनिटे धावणे हा वेळेचा अपव्यय नाही. अनंत कान्हेरे मैदानाचा जॉगिंग ट्रॅक त्यासाठी पुरेसा आहे, आणि चढासाठी पांडवलेणीच्या पायऱ्या आहेत. ‘नाशिकच्या उंचीचा फायदा’ मात्र कुणी सांगू नये. समुद्रसपाटीपासून जेमतेम सहाशे मीटरवर रक्तात काही बदल होत नाही. फायदा आहे तो थंड सकाळींचा आणि चढांचा.

धावण्याने पाया होतो, लढत होत नाही. त्यासाठी पॅडवर दहा सेकंद पूर्ण ताकदीच्या लाथा, मग चाळीस-पन्नास सेकंद हलके फूटवर्क, अशी आवर्तने हवीत. आणि गुडघा खाली येऊ लागला की थांबायचे. हे थांबणे फार महत्त्वाचे, कारण थकव्यात मारलेल्या शंभर वाकड्या लाथांनी वाकडी सवयच पक्की होते. ‘ताबाता’ नावाने जे सर्रास चालते, त्याविषयीही बोलले पाहिजे. इझुमी ताबाता यांचा १९९६ चा प्रयोग स्थिर सायकलवर होता. वीस सेकंद जोर आणि दहा सेकंद विश्रांती, सात-आठ फेऱ्यांतच माणूस गळून जाईल इतक्या तीव्रतेने. दहा वर्षांच्या मुलांकडून घड्याळ लावून उड्या मारून घेणे म्हणजे ताबाता नव्हे.

लहान मुलांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते. वाढत्या वयात मांड्या दाबून जबरदस्तीने स्प्लिट करून घेणे बंद व्हायला हवे. उंच लाथेला ताणाइतकीच ताकदही लागते. एका पायावर उभे राहून, दुसरा पाय हळू उचलून धरण्याचा साधा सराव रोज पाच मिनिटे झाला तरी वर्षभरात फरक दिसतो. दर काही महिन्यांनी बेल्टची परीक्षा आणि तिची फी, या चक्रात त्याला जागा उरत नाही.

पालकांनो, तुमच्या मुलाला कोणता बेल्ट मिळाला हे पुढच्या वेळी विचारण्याआधी सरावाच्या शेवटच्या दहा मिनिटांत मैदानाच्या कडेला उभे राहा आणि त्याचा उभा पाय फिरतोय का, एवढे पाहा.