उघडे भोजनमंडप : वारा, सावली आणि उष्मा

वैशाखात चंद्रपूर, नागपूर, अकोला या भागांत दुपारचे तापमान 45 अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. अशा वेळी रस्त्याकाठचा ढाबा, आठवडी बाजारातील खाणावळ किंवा शाळेची भोजनाची पडवी चहूबाजूंनी उघडी असली की ती थंड असणारच, असा समज सर्वत्र आढळतो. तो पूर्णतः खरा नाही.

मानवी त्वचेचे तापमान सामान्यतः 33 ते 35 अंश असते. हवा त्याहून थंड असेपर्यंत वारा शरीराची उष्णता वाहून नेतो. ती त्याहून तापली की तोच वारा शरीराला उष्णता देऊ लागतो व घामाचे बाष्पीभवन हाच मुख्य आधार उरतो. म्हणून विदर्भात दुपारच्या झळा अडवून वाळ्याचे ओले ताटे लावणे हितावह ठरते. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते व आत येणारी हवा निवते. कोकणात याच्या उलट स्थिती असते. तेथे तापमान कमी, परंतु हवा दमट असल्याने घाम वाळत नाही. तेथे ताटे निरुपयोगी होत. वाऱ्याला मोकळी वाट देणे हाच उपाय होय.

दुसरा प्रश्न छपराचा. तापलेला पत्रा खाली बसलेल्यांच्या अंगावर उष्णतेचे किरण टाकतो; वारा असूनही डोके तापते ते यामुळेच. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात दिल्यास बरेचसे ऊन परावर्तित होते. पत्र्याखाली थोडी पोकळी ठेवून बांबूच्या तट्ट्या बसविल्यास उष्णता आणखी अडते. मात्र त्या चुलीपासून दूर असाव्यात. तापलेली हवा वर चढते, म्हणून आढ्याजवळ झरोका ठेवावा. पश्चिमेकडील वळचण लांब काढल्यास उतरते ऊन आत येत नाही. चूल मंडपाबाहेर, वारा जिकडे वाहत जातो त्या अंगास असावी. म्हणजे धूर व धग पंगतीवर येत नाही.

उकाड्याने भूक मंदावते आणि घामेजलेले मूल अर्धे ताट टाकून उठते. शालेय पोषण आहाराचे धान्य शाळेपर्यंत पोहोचले, तरी ते मुलांच्या पोटी लागण्यासाठी बसण्याची जागाही सुसह्य हवी. यास्तव नवी पडवी उभारण्यापूर्वी ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी भर दुपारी त्या जागी उभे राहून सावली कोठे पडते व वारा कोठून येतो, हे पाहावे आणि मगच खांब रोवावेत.