ब्रेक टाइट केला म्हणजे दुरुस्त झाला?

नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगाव. कुठल्याही गावात मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहा. "भाऊ, ब्रेक जरा टाइट करून द्या," ही मागणी कानावर येतेच. मेकॅनिक पाना घेतो, मागच्या चाकाजवळचा नट दोन-तीन फेरे आवळतो, गाडीवाला पायाने दाबून पाहतो आणि निघतो. एवढ्याने ब्रेक दुरुस्त झाला, हा आपल्या भागातला सर्वांत पक्का गैरसमज आहे आणि सर्वांत धोक्याचाही.

नरखेड तालुक्यातल्या बहुतेक जुन्या गाड्यांच्या मागच्या चाकाला, आणि कित्येकांच्या पुढच्याही, ड्रम ब्रेक असतो. ड्रमच्या आत अर्धगोलाकार दोन ब्रेक शू असतात आणि त्यांच्या पाठीवर लायनर. पेडल दाबलं की रॉड बाहेरचा आर्म ओढतो, आर्म आतला कॅम फिरवतो, कॅम दोन्ही शूंना फाकवतो आणि लायनर ड्रमला घासून चाक थांबतं. लायनर रोज थोडा झिजतो, म्हणून शूला ड्रमपर्यंत जास्त अंतर कापावं लागतं आणि पेडल खोल जातं. नट आवळल्याने हे वाढलेलं अंतर भरून निघतं. झिजलेला लायनर मात्र परत येत नाही.

शू जाड असेपर्यंत नट आवळणं योग्यच आहे. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत मागच्या पेडलला २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल ठेवायला सांगितलेली असते आणि ती राखायलाच तो नट दिलेला असतो. पण शू झिजत गेला की कॅमला जास्त फिरावं लागतं. रॉड आणि आर्म यांच्यातला कोन ९० अंशांच्या पुढे गेला, की पायाचा तेवढाच जोर कमी कामाला येतो. लायनर फारच संपला तर कॅम उलटून अडकण्याचाही धोका असतो. अशा वेळी ब्रेक लागेल, पण सुटणार नाही.

मग शू कधी बदलायचा? त्याची खूण कंपनीने गाडीवरच दिलेली आहे आणि ती आपण सहसा पाहतच नाही. बऱ्याच गाड्यांच्या ब्रेक आर्मजवळ एक छोटा बाण असतो आणि त्याच्यासमोर ब्रेकच्या झाकणावर एक खूण. पेडल पूर्ण दाबून धरा. बाण खुणेपर्यंत पोचला की शूचं आयुष्य संपलं, मग नटाला कितीही आटे शिल्लक असोत. चाक उघडलंच असेल तर लायनरची जाडी पाहा. पुष्कळ गाड्यांसाठी २ मिलिमीटर ही शेवटची मर्यादा आहे.

इथे एक जुगाड चालतो, त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. नट पूर्ण आवळून झाला की काही ठिकाणी आर्म काढून एक-दोन दाते मागे बसवतात, किंवा शूच्या टोकाला पत्र्याची पट्टी घालतात. पेडल पुन्हा वर येतं आणि मालक खूश होतो. प्रत्यक्षात लायनर तेवढाच झिजलेला राहतो आणि आर्म सरकवला असेल तर बाणाची खूणही खोटी ठरू शकते. याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. धोक्याचा इशारा तेवढा पुसला जातो.

"अजून लागतो ना, मग कशाला खर्च?" हा हिशोब पैशाच्या बाजूनेही चुकतो. शूची जोडी काही शे रुपयांत येते. लायनर संपल्यावर शूचा धातू थेट ड्रमला घासतो. मोटारसायकलचा ड्रम वेगळा निघत नाही. तो हबमध्येच ओतलेला असतो. ड्रमला खोल चरे पडले तर आरेवाल्या चाकाचा हब बदलून चाक पुन्हा बांधावं लागतं, आणि अलॉय व्हील असेल तर अख्खं चाकच बदलावं लागतं. लेथवर ड्रम घासून घेता येतो, पण मर्यादेतच. ही मर्यादा अनेक ड्रमवर 'मॅक्स डाय' म्हणून कोरलेली असते; १३० मिलिमीटरच्या ड्रमसाठी ती साधारण १३१ असते. म्हणजे सगळी मिळून एका मिलिमीटरची सूट.

याच्या उलट चूकही होते. ब्रेक कमी लागतो म्हटलं की थेट नवे शू घातले जातात. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात ड्रममध्ये शिरतो आणि वाळला की सँडपेपरसारखा घासत राहतो. कॅमचं ग्रीस वाळतं, केबल गंजून जड होते, रिटर्न स्प्रिंग ढिली पडते. अशा गाडीला साफसफाई, कॅमला बोटभर नव्हे तर चिमूटभर ग्रीस, नवी केबल किंवा स्प्रिंग एवढंच पुरतं. लायनरवर नुसती चकाकी आली असेल तर पॉलिश पेपर मारूनही भागतं. मात्र लायनरवर ऑइल किंवा ग्रीस उतरलं असेल, तडा गेला असेल किंवा लायनर शूपासून सुटत असेल, तर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नका. बदला, आणि दोन्ही शू एकदम बदला.

चाक उघडल्यावर आतली भुकटी तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवण्याची सवय सोडली पाहिजे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. भारतात त्याच्या वापरावर आजही सरसकट बंदी नाही, त्यामुळे स्वस्त मालात काय आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. दुकानात काम शिकणारी पंधरा-सोळा वर्षांची पोरं ती धूळ रोज श्वासात घेतात, म्हणून ओल्या फडक्याने पुसायला त्यांना आवर्जून सांगा.

डिस्क ब्रेकवाले निर्धास्त असतात, कारण त्यात आवळायला काही नसतं. पण पॅड त्यातही झिजतात; त्यांच्यावरची खाच संपत आली की ते जोडीने बदलायचे. डिस्कवरही किमान जाडी कोरलेली असते. ऑइल कमी दिसलं की वरून भरायचं, हा इथला गैरसमज. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, म्हणून आधी पॅड आणि गळती पाहावी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ३ ताजं असताना तो किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर १४० पर्यंत येऊ शकतो. दर दोन वर्षांनी ते बदलावं. लिव्हर स्पंजसारखा लागत असेल तर बहुधा आत हवा आहे. ती काढून घ्यावी, नवे पॅड घालून ती जाणार नाही.

पुढच्या ब्रेकने गाडी पलटते म्हणून तो मुद्दाम ढिला ठेवणारेही पुष्कळ आहेत. ब्रेक लावताच वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे कोरड्या सरळ रस्त्यावर गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेकच करतो. वळणावर, रेतीत किंवा चिखलात तो झटक्याने दाबणं धोक्याचं, हे खरं. पण ते हळूहळू दाबून टळतं, ढिला ठेवून टळत नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा) किंवा एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस बंधनकारक झालं. बऱ्याच सीबीएस गाड्यांत मागचं पेडल दाबलं की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. पुढचा ढिला ठेवला तर ही सोय वाया जाते.

आता थोडं गणित. ताशी ६० किलोमीटर वेगात समोर बैल आला. भानावर यायला एक सेकंद धरला तर गाडी १७ मीटर जाते. चांगले ब्रेक तिला पुढच्या सुमारे २३ मीटरमध्ये थांबवतात. ब्रेकची ताकद एक तृतीयांशाने घटली असेल तर सुमारे ३५ मीटर लागतात. चांगल्या ब्रेकची गाडी जिथे उभी राहते, तिथे ही गाडी अजून ताशी ३५ च्या आसपास वेगात असते. मागे संत्र्याचे कॅरेट बांधलेले असतील तर काम आणखी कठीण. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. सगळे मृत्यू ब्रेकमुळे झाले नाहीत, पण आपल्या हातात असलेली गोष्ट ढिली ठेवायला हे कारण होऊ शकत नाही.

खासगी मोटारसायकलची नोंदणी १५ वर्षांसाठी होते आणि एवढ्या काळात तिचे ब्रेक तपासायला कुठलंही कार्यालय बोलावत नाही. ते काम मालकाचंच आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू होण्याआधी एकदा दोन्ही चाकं उघडून घ्या, लायनर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि नवे शू घातले तर पहिले शंभर-दोनशे किलोमीटर गाडी बेताने चालवा.