भातखाचरातील खते आणि पाताळगंगेचे पाणी : मोहोपाडा परिसरातील नत्र व स्फुरद यांच्या व्यवस्थापनाचा विचार

शेतास दिलेल्या खताचा जो अंश पिकाच्या मुळांना लाभत नाही, तो नाहीसा होत नाही. त्याचा काही भाग हवेत जातो, काही जमिनीत अडकून राहतो आणि काही पाण्याबरोबर वाहून नदीनाल्यांना मिळतो. शेतकऱ्याचे नुकसान आणि पाण्याचे प्रदूषण ही एकाच घटनेची दोन अंगे होत. अतिवृष्टीच्या प्रदेशात या घटनेचे स्वरूप कसे असते व तीस आळा कसा घालता येतो, याचे विवेचन मोहोपाडा परिसराच्या आधारे येथे केले आहे.

क्षेत्राचे स्वरूप

खालापूर तालुक्यातील मोहोपाडा हे गाव पाताळगंगेच्या खोऱ्यात, रसायनीच्या औद्योगिक क्षेत्रास लागून वसलेले आहे. खालापूर व कर्जत हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्याने तेथील वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिलिमीटरांच्या वर जाते, आणि त्यांतील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उतारावरील वरकस जमिनी उथळ आहेत. सखल भागातील खाचरांच्या जमिनी त्या मानाने खोल व चिकण आहेत. खरिपातील मुख्य पीक अर्थातच भात होय.

या प्रदेशातील नद्यांचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. टाटा कंपनीची खोपोली व भिवपुरी येथील जलविद्युत केंद्रे अनुक्रमे १९१५ व १९२२ साली सुरू झाली. खोपोलीचे अवजल पाताळगंगेत येते व भिवपुरीचे उल्हास नदीच्या खोऱ्यात. त्यामुळे पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहती राहते, आणि तिच्या पाण्यावर गावे, वसाहती व कारखाने अवलंबून आहेत. तिकडे कर्जत तालुक्यात राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेतला जातो. ज्या पाण्याचा एवढा उपयोग होतो, त्यात वरच्या अंगाच्या शेतांतून काय उतरते, हा प्रश्न म्हणूनच गौण ठरत नाही.

कारखान्याचे वा गावाचे सांडपाणी एका ठराविक मुखातून बाहेर पडते. तेथे नमुना घेता येतो, आणि जलप्रदूषण प्रतिबंधाच्या १९७४ च्या कायद्यान्वये त्यावर नियंत्रणही ठेवता येते. शेतातून येणाऱ्या प्रदूषणास असे मुख नसते. खाचरे उतरंडीने रचलेली असतात. वरच्या खाचरातील पाणी खालच्यात, तेथून त्याखालच्यात आणि अखेरीस ओहोळात उतरते. औद्योगिक क्षेत्राच्या शेजारी असलेल्या नदीत शेतीचा वाटा वेगळा काढणे कठीण असते, आणि सांडपाण्याचा भाग दुर्लक्षून सर्व दोष खतांवर ठेवणे न्याय्य होणार नाही. तथापि शेतीच्या वाट्यावर उपाय करावयाचा तर तो शेतातच करावा लागतो, हे उघड आहे.

खाचरातील नत्राच्या वाटा

युरिया हे खत पाण्यात तत्काळ विरघळते. जमिनीतील युरिएज या विकराच्या क्रियेने थोड्याच दिवसांत त्याचे अमोनियममध्ये रूपांतर होते. युरिया साचलेल्या पाण्यावर फेकून दिला असेल, तर हे रूपांतर पाण्यात व चिखलाच्या अगदी वरच्या थरात घडते. तेथून नत्राला चार वाटा मोकळ्या असतात.

पहिली वाट हवेची. खाचरातील शेवाळ दिवसा पाण्यातील कर्बवायू शोषून घेते, त्यामुळे पाण्याची अल्कता वाढते व अमोनिया वायुरूपाने निसटतो. दुसरी वाट चिखलाच्या थरांतून जाते. चिखलाचा वरचा काही मिलिमीटरांचा थर प्राणवायुयुक्त असतो व त्याखालील थर प्राणवायुरहित असतो. वरच्या थरात अमोनियमचे नायट्रेट बनते. ते खाली झिरपले की जीवाणू त्याचे नत्रवायूत व अंशतः नायट्रस ऑक्साइडमध्ये विघटन करतात. जपानमध्ये शिओइरी प्रभृती संशोधकांनी ही क्रिया १९४० च्या सुमारास उलगडून दाखविली. तिसरी वाट निचऱ्याची. चिखलणी नीट झालेल्या चिकण खाचरात ती अरुंद असते, हलक्या जमिनीत रुंद. चौथी वाट बांधावरून वाहून जाणाऱ्या पाण्याची होय, आणि कोकणातील पर्जन्यमानात तीच विशेष चिंतेची ठरते.

एका साध्या हिशेबाने हे स्पष्ट होईल. एक हेक्टर खाचरात ५ सेंटिमीटर पाणी उभे असेल, तर ते ५ लाख लिटर भरते. फुटवे येण्याच्या वेळी ४० किलो नत्र, म्हणजे ८७ किलो युरिया, त्यावर फेकला आणि त्यातील निम्मे नत्र त्या वेळी पाण्यात आहे असे मानले, तर दर लिटरला ४० मिलिग्रॅम नत्र होते. त्याच दिवशी १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर खाचरात १० लाख लिटर पाणी नव्याने येते व तितकेच बाहेर पडते. पाणी पूर्णपणे मिसळत राहते असे धरल्यास मूळ विरघळलेल्या नत्राचा सुमारे सातवा-आठवा हिस्साच मागे उरतो. उरलेले सुमारे १७ किलो नत्र वाहून जाते. म्हणजे ४५ किलोंच्या पोत्यापैकी सुमारे ३७ किलो युरिया ओहोळास मिळतो. ही उदाहरणादाखल केलेली आकडेमोड आहे. पण सह्याद्रीच्या पायथ्याशी जुलै महिन्यात असा पाऊस अपवादात्मक नसतो.

नदीत पोचलेल्या अमोनियमचे पुढे नायट्रेट बनते व त्यासाठी पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक असू नये. अधिक नायट्रेटामुळे तान्ह्या बालकांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते, हे १९४५ पासून ज्ञात आहे.

स्फुरदाची गती

स्फुरदाची रीत निराळी आहे. येथील जमिनींतील लोह व अॅल्युमिनियम यांची संयुगे स्फुरदास घट्ट धरून ठेवतात; म्हणून तो विरघळून जाण्यापेक्षा मातीच्या कणांवर बसून अधिक प्रमाणात जातो. चिखलणी संपताच गढूळ पाणी सोडून देणे म्हणजे जमिनीतील सर्वांत सुपीक कण व त्यांवरील स्फुरद नदीस देणे होय. गोड्या पाण्यात शेवाळ व जलपर्णी यांच्या वाढीस बहुधा स्फुरदाचीच मर्यादा असते, म्हणून त्याची अल्प मात्राही परिणाम घडविते. गढूळ पाणी निवळेपर्यंत अडविणे, बांध दुरुस्त राखणे आणि वरकस उतारावर समपातळीत लागवड करणे, हे त्यावरील मुख्य उपाय होत.

खत खोल देण्याची पद्धती

नत्राच्या चारही वाटांचा उगम पाण्यात व चिखलाच्या पृष्ठभागावर आहे. खत प्राणवायुरहित थरात ठेवले, तर अमोनियम चिकणमातीच्या कणांवर धरून राहते, त्याचे नायट्रेट होत नाही आणि वरून पाणी वाहिले तरी ते जागचे हलत नाही. या तत्त्वावर कोकणात रूढ झालेल्या चारसूत्री भातलागवडीशी मृदाशास्त्रज्ञ डॉ. ना. कृ. सावंत यांचे नाव निगडित आहे. भाताच्या अवशेषांचा, म्हणजे तुसाची राख व पेंढा यांचा, पुनर्वापर. गिरिपुष्पाचा हिरवा पाला. नियंत्रित अंतरावर लावणी. आणि युरिया व डायअमोनियम फॉस्फेट यांच्या गोळ्या खोल देणे, ही ती चार सूत्रे होत.

लावणी १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर करतात. चार चुडांच्या लहान चौकोनात मधोमध सुमारे २.७ ग्रॅमची एक गोळी, लावणीच्या दिवशीच, ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १७० किलो खत, लागते. युरिया व डायअमोनियम फॉस्फेट यांचे प्रमाण ६० : ४० असल्याने त्यातून ५८ किलोंच्या आसपास नत्र मिळते. सुधारित भातास फोकून देण्याची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी १०० किलो नत्राची आहे, हे पाहता बचतीचे प्रमाण ध्यानात येते. बांगलादेशातही युरियाच्या मोठ्या गोळ्या, ज्यांस तेथे ‘गुटी’ म्हणतात, याच तत्त्वावर प्रसृत झाल्या.

अडचणी व मर्यादा

शास्त्रदृष्ट्या निर्दोष अशा या पद्धतीचा प्रसार सर्वत्र का झाला नाही? हेक्टरी बासष्ट हजार गोळ्या वाकून हाताने खोचावयाच्या असतात, आणि लावणीच्या ऐन हंगामात मनुष्यबळ दुर्मिळ असते. मोहोपाड्यासारख्या गावी, जेथे शेजारच्या कारखान्यांत रोजगार मिळतो, तेथे ही अडचण अधिकच जाणवते. दुसरे कारण किमतीचे. एप्रिल २०१० मध्ये स्फुरद व पालाश खतांस पोषकद्रव्याधारित अनुदान लागू झाले, परंतु युरिया नियंत्रित किमतीतच राहिला. परिणामी तो इतर खतांहून पुष्कळ स्वस्त पडतो. स्वस्त वस्तू जपून वापरण्याची प्रेरणा कमी असते. नदीचे नुकसान तर कोणाच्याच जमाखर्चात येत नाही. हलक्या, झपाट्याने निचरा होणाऱ्या खाचरांत गोळ्यांतील नत्रही खाली जाते. तेथे हप्त्यांनी खत देणेच श्रेयस्कर होय.

ज्यांना गोळ्या वापरणे शक्य नाही, त्यांनीही खत देण्यापूर्वी पाणी कमी करावे, खत चिखलात कालवावे, पुढे काही दिवस पाण्याची वाट बंद ठेवावी आणि मोठ्या पावसाचा अंदाज असल्यास हप्ता पुढे ढकलावा. २०१५ पासून देशी उत्पादनास सक्तीचे झालेले नीमलेपित युरिया नायट्रेटनिर्मिती मंदावते. बांधावरून वाहणारे पाणी मात्र त्याने थांबत नाही.

पावसाळ्यानंतरची स्थिती वेगळी असते. नदीकाठच्या निचऱ्याच्या जमिनीत भाजीपाल्यास दिलेले नत्र नायट्रेटरूपाने राहते. पिकाने न उचललेला अंश पहिल्या पावसाबरोबर विहिरींकडे व नदीकडे जातो. येथे मातीपरीक्षणावरून मात्रा ठरविणे अगत्याचे आहे. उलट, भातानंतर ओलीवर घेतला जाणारा वाल स्वतःच्या मुळांवरील गाठींत नत्र स्थिर करीत असल्याने त्यास नत्रखताची गरज अल्प असते. पाण्याच्या दृष्टीने ही जुनी फेरपालट निर्धोक म्हटली पाहिजे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, या प्रदेशात खताची मात्रा किती, याइतकाच ते कोठे व केव्हा दिले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तीच मात्रा पाण्यावर पडली तर नदीची होते व चिखलात खोल गेली तर पिकाची. संशोधनाची पुढील दिशाही यातूनच सूचित होते. गोळ्या खोचण्याचे श्रम कमी करणारे हलके अवजार आणि उतरंडीच्या शेवटच्या खाचरातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे पावसाळाभर मापन, ही दोन कामे हाती घेतल्यास शेतकरी व नदी या उभयतांचे हित साधेल.