आगमनापूर्वीचे घर

पर्युषण पर्वात कल्पसूत्राचे वाचन होते आणि त्रिशलामातेच्या चौदा स्वप्नांचे दर्शन घडते. दिगंबर परंपरेत हीच स्वप्ने सोळा मानली जातात. संख्या भिन्न असली, तरी तीर्थंकरांच्या पाच कल्याणकांतील पहिले कल्याणक मातेच्या उदरातील आगमनाचेच आहे. म्हणूनच चौदाव्या-पंधराव्या शतकांत पश्चिम भारतातील श्रावकांनी लिहवून घेतलेल्या सचित्र कल्पसूत्रांत शय्येवर निद्रिस्त त्रिशलामाता पुन्हा पुन्हा आढळते. अपत्याची वाट पाहणारे घर चित्रात जतन करावे, ही इच्छा जैन समाजाला नवी नाही.

आज त्या इच्छेने छायाचित्राचे रूप घेतले आहे. डोहाळजेवण, सीमंत वा गोदभराई यांसोबत गर्भवतीची छायाचित्रे काढण्याची प्रथा रूढ झाली आहे. दूरचे स्थळ आणि भाड्याचा पोशाख यांऐवजी काही कुटुंबे आता छायाचित्रकाराला घरीच बोलावतात. त्यामुळे धावपळ टळते आणि खर्चही आटोक्यात राहतो. शिवाय आजेसासूबाईंचा झोपाळा, देव्हाऱ्याजवळची जागा, बाळासाठी मोकळा केलेला कपाटाचा खण हे सारे चित्रात येते. मूल मोठे झाल्यावर त्याला या वस्तूंतूनच त्या दिवसांचे घर ओळखता येईल.

सातवा-आठवा महिना यासाठी सोयीचा असतो. पुढे शरीराचा जडपणा वाढतो. पेढीच्या सुट्टीच्या दिवशी, नवकारशीनंतरची सकाळ निवडावी. खिडकीतून येणारा कोवळा प्रकाश एका बाजूने पडेल असे मातेला बसवले, तर फ्लॅशची गरज भासत नाही. सकाळीच काम आटोपल्याने वडीलधाऱ्यांच्या चौविहारातही अडथळा येत नाही. रेशीम वर्ज्य असेल तेथे सुती साडी शोभते. फुलांच्या राशींची आवश्यकता नसते. मातेला फार वेळ उभे ठेवू नये, पाठीवर उताणे निजवू नये. मधून मधून पाणी आणि विसावा द्यावा. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल, तर हा बेतच सोडावा.

मात्र प्रकाश आणि पोशाख यांहून महत्त्वाचा प्रश्न मातेच्या इच्छेचा आहे. एकत्र कुटुंबात सासूबाईंनी हौसेने ठरवलेल्या गोष्टीस सून सहसा नकार देत नाही. काही घरांत याउलट घडते. तिला हौस असते, पण दृष्ट लागेल या भीतीने वडीलधारी माणसे विरोध करतात. तेथे छायाचित्रे काढून प्रसूतीपर्यंत घरातच ठेवण्याचा मध्यममार्ग निघू शकतो. नंतरही ती मोबाईलवरून चारचौघांत पाठवावीत की नाही, हे तिलाच ठरवू द्यावे. पतीने तिला एकांतात विचारावे, म्हणजे खरे उत्तर मिळेल.

कल्पसूत्रातील एक प्रसंग येथे मार्गदर्शक ठरतो. आपल्या हालचालीने मातेला पीडा होऊ नये, म्हणून भगवान महावीर गर्भात निश्चल झाले. परंतु गर्भाची चाहूल थांबताच त्रिशलामाता शोकाकुल झाली. तिची व्यथा जाणून भगवंतांनी किंचित स्पंदन केले, तेव्हा ती आनंदली. माता-पिता हयात असेपर्यंत दीक्षा न घेण्याचा संकल्पही त्यांनी तेव्हाच केला. करुणेने केलेली कृतीही मातेला न कळता केली, तर तिला क्लेश देऊ शकते आणि तो क्लेश जाणताच कृती बदलण्यात खरी करुणा असते, हा या कथेचा बोध आहे.

छायाचित्र काढताना एवढे भान राखले, तर ती सकाळ साऱ्या कुटुंबासाठी अहिंसेचा एक छोटा संस्कार ठरेल. पुढे ते चित्र पाहताना मुलाला आईच्या मुद्रेवर थकव्याऐवजी समाधान दिसेल.