तूट, मर्यादा आणि कात्री – लेखांक 6 : कात्री कोणाच्या हाती?

सरकारचा एकूण खर्च आणि कर्ज वगळता होणारी एकूण जमा यांतील फरक म्हणजे राजकोषीय तूट, हे मागील लेखांकात पाहिले. ही तूट कायद्यानेच बांधून टाकावी, या विचारातून केंद्राने 2003 मध्ये राजकोषीय उत्तरदायित्व आणि अर्थसंकल्पीय व्यवस्थापन अधिनियम संमत केला, आणि त्याच धर्तीवर महाराष्ट्रानेही 2005 मध्ये आपला कायदा केला. मर्यादा ओलांडली जाऊ लागली तर खर्चाला कात्री कोणी आणि कोठे लावायची, हा प्रश्न मात्र अशा प्रत्येक कायद्यापुढे उभा राहतो.

केंद्रीय कायद्याच्या कलम 7 मध्ये त्याचे कागदोपत्री उत्तर आहे. महसूल अपेक्षेपेक्षा घटला किंवा खर्च ठरलेल्या पातळीपलीकडे गेला, तर एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारची सर्व जमा जिथे होते त्या मुख्य खात्यातून, मंजूर झालेल्या रकमा त्या प्रमाणात कमी कराव्यात, असे ते कलम सांगते. परंतु व्याजासारखा भारित खर्च, म्हणजे ज्यावर संसदेत मतदान होत नाही असा खर्च, करारान्वये द्यावयाच्या रकमा आणि पुढे ढकलता न येणारा खर्च यांना त्याच कलमाचे परंतुक वगळते. पुढे ढकलता न येणारे काय, हे ठरवणार सरकारच, तेव्हा या स्वयंचलित कात्रीचे पाते कारखान्यातूनच बोथट होऊन आले, असे म्हणावे लागते.

अमेरिकेने हा प्रयोग अधिक कठोरपणे केला. तेथे 1985 च्या कायद्याने आपोआप कपातीची तरतूद आणली, 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा एक महत्त्वाचा भाग घटनाबाह्य ठरवला, आणि 2011 च्या कायद्याने खर्चाच्या दहा वर्षांच्या मर्यादा घालून दिल्यावर मार्च 2013 मध्ये कपात खरोखरच लागू झाली. तथापि त्याच वर्षाच्या अखेरीस आणि नंतर 2015, 2018 व 2019 मध्ये नवे कायदे करून त्या मर्यादा सैल करण्यात आल्या.

महाराष्ट्रात कात्री चालते ती बहुधा कायद्याच्या कलमाने नव्हे, तर वित्त विभागाच्या शासन निर्णयाने. कोविडच्या टाळेबंदीमुळे महसूल आटल्यावर 4 मे 2020 रोजी निघालेल्या शासन निर्णयाने विभागांना वार्षिक तरतुदीच्या केवळ 33 टक्के निधी उपलब्ध होईल असे कळवले, नवीन बांधकामे हाती घेण्यास मनाई केली आणि सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व नागरी पुरवठा तसेच मदत व पुनर्वसन या विभागांना अग्रक्रम दिला. दुसरीकडे मर्यादाही हलली. संविधानाच्या अनुच्छेद 293 नुसार केंद्राचे देणेकरी असलेल्या राज्याला नव्या कर्जासाठी केंद्राची संमती घ्यावी लागते. ही संमती देताना केंद्र घालून देत असलेली कर्जमर्यादा राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या 3 टक्क्यांवरून त्या वर्षापुरती 5 टक्के करण्याची घोषणा केंद्राने 17 मे रोजी केली, मात्र वाढीव 2 टक्क्यांपैकी विनाअट मिळणार होता तो केवळ अर्धा टक्का. बाकीचा भाग शिधापत्रिका, वीज वितरण, व्यवसायसुलभता आणि नागरी संस्थांचा महसूल यांतील सुधारणांशी जोडलेला होता.

कात्रीचा मार जिल्ह्यावर कसा पडतो, हे रत्नागिरीसारख्या ठिकाणी चांगले दिसते. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांना हात लावता येत नाही, म्हणून तुटीचा भार येतो तो भांडवली कामांवर, म्हणजे वहाळावरचा साकव, वाडीची पाखाडी, समुद्राकाठचा धूपप्रतिबंधक बंधारा यांवर. अशा कामाला प्रशासकीय मान्यता असते, अंदाजपत्रक तयार असते. परंतु ‘बीम्स’ या संगणकीय वितरण प्रणालीवर निधी आलेला नसेल तर कोषागारात देयक पारित होत नाही, आणि पावसाळ्याआधीचे दोन-तीन महिने हातचे गेले की काम वर्षभर लांबते. पावसाने कामे अडत नाहीत अशा प्रदेशासाठी आखलेले निधीचे वेळापत्रक कोकणाला कधी मानवलेलेच नाही.

4 मेच्या त्या शासन निर्णयानंतर बरोबर तीस दिवसांनी, 3 जून 2020 रोजी, निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील घरांची छपरे उडवली आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. मदत व पुनर्वसन विभाग अग्रक्रमात असल्याने तातडीची मदत 33 टक्क्यांच्या अटीत अडकली नाही. रत्नागिरी जिल्ह्यासाठी 75 कोटी रुपये जाहीर झाले आणि फळबागांच्या भरपाईचा दर हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजार रुपयांवर नेण्यात आला. उजाड झालेली पोफळीची बाग पुन्हा उत्पन्नाला येण्यास अनेक वर्षे लागतात, हे लक्षात घेता तो दरही तोकडाच होता. तरीही खर्चाची मर्यादा किती घट्ट आवळायची हे परिस्थिती पाहून सरकारच ठरवते, याचे इतके स्पष्ट उदाहरण जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासात दुसरे नाही.

म्हणूनच जिल्ह्याच्या विकासकामांचा आराखडा ठरवणाऱ्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीची बातमी वाचताना वाचकांनी मंजूर नियतव्ययाच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या तरतुदीच्या, आकड्यावर थांबू नये. प्रत्यक्षात प्राप्त झालेला निधी, वितरित निधी आणि झालेला खर्च हे तीन आकडेही समितीवरील आपल्या सदस्याला विचारावेत.